सानासोकला पाणी

मी माझ्या नातीला आई म्हणते आणि ती मला पोरी म्हणते. जहाजावरून येणारी माणसं हे ऐकून एकमेकांकडे बघतात, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणतात. म्हणेनात का. माझी आई ईवालू वारली आणि पुढं तिचं नाव या पोरीला ठेवलं, म्हणजे ही माझी आईच झाली की नाही? वागतेही तशीच. पाच वर्षांची असल्यापासून मला दटावते, पोरी जेवलीस का, पोरी बूट वाळत घातलेस का.

पण ईवालू हे तिचं पहिलं नाव नव्हे. पहिलं नाव मी ठेवलं होतं, घाईनं ठेवलं होतं, आणि त्यापायी दोन जीव जाता जाता राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी ते नाव तिच्यासमोर जिभेवर येऊ दिलं नाही. आता मात्र दिवसातून दहादा घेते. सानासोक. आमच्या भाषेत सानासोक म्हणजे घडवणारा.

ज्याचं ते नाव, तो आला तेव्हा तोर्नगेशी माझं लग्न होऊन दोनच हिवाळे झाले होते. तोवर आमच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजांवरची माणसं सगळी उकडलेल्या माशासारखी पांढरी. त्या उन्हाळ्यात पिवळ्या दाढीचा एक कप्तान उतरला, आणि त्याच्यामागून त्याचं सामान उचलून हा उतरला. काळा, आमच्याहूनही गडद, केस बारीक कुरळे. आईनं पुढं होऊन त्याचा हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्यांना सांगून टाकलं, हा आपलाच आहे, कुठंतरी उन्हात जास्त वेळ विसरून राहिला होता. झालं. त्या दिवसापासून तो आमचा. मी त्याला दादा म्हणू लागले.

जहाजाच्या कागदावर तो कप्तानाचा नोकर होता. त्याची शेगडी पेटवायची, त्याचे बूट पुसायचे. पण त्याच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात तो आमच्या म्हाताऱ्यांकडं बसून कुत्र्यांच्या गाड्या बांधायला शिकला, दुसऱ्या हिवाळ्यात म्हातारे त्याच्याकडं येऊन बसायला आणि त्याला सानासोक म्हणायला लागले. एकदा लाकूड कमी पडलं तर त्यानं कप्तानाचं जेवायचं टेबल कापून गाडीच्या दोन पट्ट्या केल्या. कप्तान त्या दिवशी मांडीवर ताट घेऊन जेवला. कप्तान चार हिवाळे राहिला आणि आमचे वीस शब्द शिकला, विसाच्या वीस हुकमाचे. दादा आमच्यासारखा बोलायचा. तोर्नगेशी भांडताना मध्येच थांबून मला विचारायचा, आर्नालुक, याला शोभेल अशी अजून एखादी शिवी सांग बघू. मी सांगायचे. बरीच सांगायचे.

त्याचे कपडे मी शिवायचे. अस्वलाच्या कातड्याची विजार, सीलच्या कातड्याचे बूट. त्याचा पंजा इतका रुंद की बुटाला अंगठ्यापाशी एक टाका जास्त घालावा लागायचा. मी त्यावरून चिडवायचे, तुझ्या एका बुटात माझ्या दोन बहिणी झोपतील. तो म्हणायचा, मग थंडीत त्यांना पाठवून दे.

चौथ्या वर्षी, हिवाळाभराच्या अंधारानंतर सूर्य नुकताच परत आल्यावर, ते गोठलेल्या समुद्रावरून उत्तरेला निघाले. कप्तान, दादा, माझा तोर्नगे आणि आमचे आणखी तिघे. कप्तानाला पृथ्वीचं वरचं टोक गाठायचं होतं. तिथं काय आहे हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं, पण त्याला वेड लागलं होतं आणि वेड्या माणसाला एकट्याला सोडता येत नाही. पुढं काय झालं ते तोर्नगेनं मला आयुष्यभर सांगितलं. कप्तानाच्या पायाची बोटं आधीच्या एका वर्षी गोठून गेली होती, म्हणून तो गाडीवर कातडी पांघरून बसायचा. दादा सगळ्यांच्या पुढं. बर्फाचे घराएवढे उंच ढीग वाटेत आडवे यायचे, ते कुऱ्हाडीनं फोडत तो वाट काढायचा. शिकार तोच करायचा, मोडलेल्या गाड्या तोच बांधायचा, भुकेली कुत्री त्याचंच ऐकायची. असं किती दिवस चाललं, ते मोजणं तोर्नगेनं सोडून दिलं.

मी विचारलं होतं, मग टोकाला काय होतं हो? तो म्हणाला, काही नाही, बर्फ होता, साधा सीलसुद्धा नव्हता. कप्तान सूर्याकडं आपली जागा मोजायची नळी लावून बसला, आणि नळी बघून म्हणाला, हीच ती जागा. पण त्या जागेवर दादाच्या बुटांचे ठसे आधीच उमटलेले होते. तो सकाळीच वाट काढत पुढं आला होता आणि त्याचा चहा उकळत होता. कप्तानानं तो चहा घेतला, प्यायला, आणि परत येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

परत येताना समुद्र फुटला. मधोमध काळं पाणी, पलीकडचा बर्फ दूर दूर चाललेला. दादानं बर्फाचा एक तुकडा तोडून त्याचा तराफा केला आणि माणसं, कुत्री, गाड्या पाच खेपांमध्ये पार नेल्या. कप्तान घसरून पाण्यात पडला तेव्हा त्यानंच त्याला कॉलर धरून ओढून काढलं, त्याचे बोटं नसलेले पाय आपल्या उघड्या पोटावर धरून गरम केले. सहा गेले होते, सहा परत आले.

आमच्याकडं कुठवर पोचलास असं कुणी कुणाला विचारत नाही. किती जणांना परत आणलंस, एवढंच विचारतात. त्यानं सगळ्यांना आणलं. माझा नवरा मला परत आणून दिला. तोर्नगे नंतर चाळीस वर्षं माझ्या शेजारी घोरला, ते त्या माणसामुळं. हे मी विसरले तर मला माणूस म्हणू नका.

जहाज जायच्या दिवशी दादा माझ्या घरापुढं दगडावर बसला होता. मी त्याला नवे बूट दिले. तो ते हातात घेऊन बसून राहिला.

"आर्नालुक, आमच्याकडं मोठ्या माणसाचं नाव दगडावर कोरतात," तो म्हणाला. "कप्तानाचं कोरतील. माझं कुणी कोरणार नाही. मूलही नाही मला."

"दगडावर नाव ठेवून काय करायचं?" मी म्हणाले. "आम्ही पोरावर ठेवतो. तू मेलास की इकडं ये. मी तुझं नाव फार वेळ बाहेर उभं राहू देणार नाही."

"आणि मी आलोय हे तुला कसं कळणार?"

"पाणी माग. मेलेल्याला तहान लागते. ज्या बाईला दिवस गेलेत तिच्या स्वप्नात येऊन तो पाणी मागतो. मग त्याला आत घ्यायचं असतं."

तो खूप हसला. म्हणाला, एवढ्या लांबून वाट सापडायची कशी? मी म्हणाले, खुणेचा एक दगड नाही अशा ठिकाणाहून तू सहा जणांना आणलंस, आता माझं घर सापडणार नाही होय? मग तो हसायचा थांबला. नवे बूट त्यानं तिथंच पायांत घातले आणि होडीत बसला. मी जहाज दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

दर उन्हाळ्यात जहाज आलं की मी किनाऱ्यावर पहिली. सानासोक कसा आहे? जहाजावरच्या माणसांना सानासोक ठाऊक नव्हता. त्याचं तिकडचं नाव एझ्रा टिलमन, ते माझ्या तोंडात मोडायचं, तरी मी मोडकंतोडकं म्हणायचे. कुणी नाही म्हणून मान हलवायचं, कुणी खांदे उडवायचं. कप्तान मात्र सगळ्यांना ठाऊक. कप्तानाचं चित्र, कप्तानाचं पुस्तक, कप्तानाला राजानं बोलावलं.

तेवीस उन्हाळे गेले. मग एक जहाज आलं ते दगड आणि चुना घेऊन आलं. कप्तान वारला होता आणि त्याच्या नावानं आमच्या टेकडीवर खांब उभारायचा होता. दगड वर न्यायला आमचीच माणसं घेतली. तोर्नगे रोज पाठीवर धोंडे वाहायचा आणि संध्याकाळी येऊन म्हणायचा, त्याला जिवंतपणी वाहिला, आता मेल्यावरही वाहतोय. मी हसले, पण खांबावर काय कोरलंय ते विचारून आले. खांबावर दादाचं नाव कुठंच नव्हतं. मी दुकानदार हान्सला बरोबर घेतलं, त्याला दोन्हीकडच्या भाषा यायच्या, आणि जहाजावरच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, कप्तानाचा तो नोकर? तो गेला बहुतेक.

बहुतेक हा शब्द हान्सनं मला नीट सांगितला होता, त्याचा दोष नाही. मीच तो टेकडीवर टाकून आले. माझी सून दिवसांत होती. तिच्या स्वप्नात कुणी आलं नव्हतं, कुणी पाणी मागितलं नव्हतं. पण तो खांब रोज उंच होत होता आणि मला दम निघेना. मूल झालं, मुलगी. मुलगी काय, मुलगा काय, नावाला त्याचं काही नसतं. मी बोट पाण्यात बुडवून तिच्या ओठांना लावलं, म्हणाले, सानासोक, ये. आणि त्या दिवसापासून तिला दादा म्हणायला लागले.

पोर दूध पिईना. ओठात घ्यायची, सोडायची, छताकडं बघत राहायची. अख्खा हिवाळा ती तशीच, दिव्याच्या उजेडात वाळत चाललेली. जिवंत माणसाचं नाव कुणी कुणाला देत नाही. एक नाव दोन अंगांना ओढायला लागलं तर एक अंग तुटतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी स्वतःला सांगत राहिले, तो गेलाय, म्हातारा म्हणाला की.

पुढच्या उन्हाळ्यात जहाजानं माझ्या नावाचं पुडकं आणलं. आत शिवायच्या सुया होत्या, एक फोटो होता आणि एक पत्र. फोटोत दादा. केस पांढरे, अंगात पितळी बटणांचा लांब कोट, पायात काळे चकचकीत बूट, पातळ, त्यात त्याचे पंजे दाबून बसवलेले. पत्र आमच्याच भाषेत होतं, जसं बोलतो तसं लिहिलेलं. हान्सनं ते दुकानाच्या दारात उभं राहून वाचलं.

"आर्नालुक, मी इथं एका उंच घराचा दारवान आहे. दिवसभर लोकांसाठी दार उघडतो. मी कुठं जाऊन आलो हे त्यांना ठाऊक नाही, आणि मी सांगत नाही. गेला हिवाळा मी आजारी होतो, वैद्यांनी आशा सोडली होती. सारखं एकच स्वप्न पडायचं. मी इवलासा झालोय आणि कुणीतरी मला दादा म्हणत दूध पाजतंय, आणि मला गिळता येत नाही."

हान्स वाचायचा थांबला.  मी धावत घरी गेले, म्हणजे धावता येईल तेवढं, आणि ते नाव उतरवायला पोरीचे ओठ धुतले, तीनदा धुतले. आदल्या वर्षी, पोर झाल्यावर, सूर्य मावळायच्या आधी माझी आई वारली होती आणि तिचं नाव अजून बाहेरच होतं. ते पोरीला दिलं. ईवालू, आई, आत ये. दोन दिवसांनी पोर सुनेच्या छातीला अशी चिकटली की सून ओरडली. मी हान्सकडून उत्तर लिहून घेतलं. दादा, मी घाई केली, चुकले. तुला तहान लागेल तेव्हाच ये. ते पत्र त्याला मिळालं की नाही, देव जाणे. पुढं तिकडं मोठं युद्ध लागलं आणि पत्रं येणं बंद झालं.

फोटो मी शिवणाच्या पेटीत तळाशी ठेवला, वर कातडी ठेवली. ईवालूला कधी दाखवला नाही. लहानपणी तिला त्या नावानं धक्का लागला होता, मोठेपणी नको लागायला. तोर्नगे वारला. सून आणि माझा मुलगा एका वाईट हिवाळ्यात खोकल्यानं गेले. मी आणि ईवालू उरलो. मग जुन्या वस्तीजवळ विमानांचं मैदान झालं आणि आम्हा सगळ्यांना गाड्या जुंपून उत्तरेला, नव्या वस्तीत यावं लागलं. जुनी घरं तशीच उभी राहिली, दारं बंद करून.

नव्या जागी दुसरा हिवाळा चालू होता. ईवालूला आठवा महिना होता, तिचा नवरा पादलोक वॉलरसच्या शिकारीला गेला होता. सूर्य परत यायला आठवडा राहिला असेल. सकाळी दिवा सारखा करता करता ती म्हणाली, पोरी, मला एक गमतीचं स्वप्न पडलं.

ती जुन्या घरात होती. घरात कुणी नाही, भांडी नाहीत, दिवा नाही, पण उजेड आहे, दुधासारखा. बाहेरून कुणीतरी दारावर बोटानं वाजवत होतं, हळू, पाहुण्यासारखं. तिनं खिडकीला काचेऐवजी लावलेल्या पातळ कातड्यातून पाहिलं. काळा म्हातारा, केस पांढरे, कोटाला चमकणारी बटणं. पायात पातळ काळे बूट, त्यातून पाणी झिरपत होतं. तो म्हणाला, तहान लागलीय. ती दार उघडायला गेली तर दाराला कडीच नव्हती. ती आतून ओरडली, आम्ही इथं राहत नाही आता. तो म्हणाला, मग कुठं राहता? तेवढ्यात तिला जाग आली.

"तो कोणत्या भाषेत बोलला?" मी विचारलं.

"आपल्याच. पण जुन्या म्हाताऱ्यांसारखं."

माझ्या हातातली सुई खाली पडली. मी ती शोधायचं निमित्त करून खाली वाकून बसले. आयुष्यभर लोकांसाठी दारं उघडलेला माणूस, आणि माझ्या दाराला कडी नाही. सांगावंसं वाटलं. पण सांगू काय? मागं तो जिवंत असतानाच स्वप्नात इकडं आला होता, दूध पीत होता. आताही तसंच असलं तर? तिकडं खाटेवर पडलेला म्हातारा, ताप चढलेला, भटकत आला असेल. मी नाव घेतलं की तो मरायचा, नाहीतर हिचं मूल मरायचं. एकदा केली ती चूक पुरे. मी ते नाव आतच ठेवलं. ती दोनदा म्हणाली, पोरी, तो पुन्हा आला होता, अजून तिथंच उभा आहे. मी म्हणाले, आई, रात्री जास्त चरबी खाऊ नकोस.

सूर्य आला, डोंगरावर बसायला लागला, आणि ईवालूच्या कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला, मूल येईना. दुसरा दिवस दुपारपर्यंत आला. सुईण आतितक माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण तिच्या हातानं अर्धी वस्ती जन्मलेली. ती म्हणाली, मूल नावासाठी अडलंय, नावं घ्या. अशा वेळी पोटाशी तोंड नेऊन मेलेल्यांची नावं घेतात, आपलं नाव ऐकलं की मूल येतं. आतितकनं घेतली, शेजारणींनी घेतली. बुडालेल्यांची, खोकल्यानं गेलेल्यांची, जे कुणाला फार आवडत नव्हते त्यांचीसुद्धा. मूल हललं नाही. ईवालूचे ओठ पांढरे पडले होते. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि देवाला, समुद्राला, जो ऐकेल त्याला म्हणत होते, मला ने, हिला ठेव.

तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, तू एक नाव गिळून बसली आहेस."

"नाही गं आई."

"मला शिकवू नकोस. सोड ते."

"ते जिवंत माणसाचं असलं तर?" मी म्हणाले. 

"तो बाहेर उभा आहे. त्याचे पाय ओले झालेत. दार उघड."

माझी आईच बोलत होती ती. मी साठी उलटलेली बाई, पण आईनं सांगितल्यावर काय करणार? मी उठले. गुडघे कटकट वाजले. घराचं दार सताड उघडलं. थंडी आत आली, तिच्यामागून ऊन आलं, जमिनीवर पसरलं. बाहेर बर्फ आणि कुत्री, दुसरं काही नव्हतं. मी दक्षिणेकडं, जुन्या वस्तीकडं तोंड केलं.

"सानासोक," मी म्हणाले. "दादा. आम्ही इकडं राहायला आलोय. हे घर. पाणी ठेवलंय, आत ये."

मग मी दारातून बाजूला झाले, माणूस आत येताना होतात तशी. मागं ईवालू एकदा ओरडली आणि आतितक म्हणाली, आला.

मुलगा होता. मी हिमनगाच्या बर्फाचं वितळवलेलं पाणी बोटावर घेतलं आणि त्याच्या ओठांना लावलं. मारलेल्या सीलच्या तोंडातही आम्ही गोडं पाणी घालतो, समुद्रात राहून तो तहानलेला असतो म्हणून. हा तर माझा दादा. त्यानं ओठ हलवले, जीभ बाहेर काढली, आणखी मागितलं. मी त्याचे पाय बघितले आणि आतितकला म्हणाले, बघ, पंजा बघ केवढा रुंद. ती म्हणाली, बाई गं, सगळ्याच पोरांचे पंजे असे असतात. म्हणू दे तिला.

पोर दूध ढोसायला लागलं. त्या बाजूनं मी निश्चिंत झाले. पण दुसरी बाजू मला गिळायला लागली. पोर इतकं धडधाकट आहे, म्हणजे तिकडं दादाचं अंग तुटलं की काय? उंच घराच्या दारात उभा असताना, त्याच दुपारी, माझ्या हाकेनं? त्यानं माझा नवरा परत आणला आणि मी त्याला मारलं? पोराला मांडीवर घेऊन मी रोज हेच विचारायचे. ते माझ्या नाकाला धरायचं. जहाज यायला चार महिने होते. ते चार महिने माझ्या तोंडाला चव नव्हती.

जहाज आलं. त्यातून एक तरुण उतरला, लांब मानेचा, जुन्या वस्तीतला कप्तानाचा खांब बघून इकडं आलेला. हान्स आता पुरता टकला झाला होता, पण भाषा विसरला नव्हता. मी पोराला पाठीवर घेऊन हान्ससोबत त्या तरुणाकडं गेले. एझ्रा टिलमन, मी म्हणाले. पहिल्यांदाच कुणी होकाराची मान हलवली, ती त्या तरुणानं. त्यानं आपल्या वहीतून वर्तमानपत्राचा एक कपटा काढला, अंगठ्याएवढा. हान्सनं तो डोळ्यांजवळ धरला.

"वारला," हान्स म्हणाला.

"कधी?"

"याच वर्षी. दुसऱ्या महिन्याच्या आठव्या दिवशी."

मी त्याला बोटांवर मोजायला लावलं. सूर्य परत यायच्या आठवडाभर आधी. ईवालूनं स्वप्न सांगितलं ती सकाळ. पुन्हा मोजायला लावलं. पोर जन्मलं ते त्यानंतर चाळीस दिवसांनी. मी मारलं नव्हतं त्याला. तो मेल्या मेल्या सरळ आमच्याकडं निघाला होता, एवढ्या लांबून, त्या पातळ बुटांत, आणि जुन्या घराच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. मीच त्याला चाळीस दिवस थंडीत उभं ठेवलं, माझ्या भित्रेपणापायी. फार वेळ उभं राहू देणार नाही म्हणाले होते. मी तिथं किनाऱ्यावरच बसले आणि रडले. हान्स माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, तेवढी अक्कल त्याला आली होती.

तो तरुण घाबरला. थोड्या वेळानं त्यानं हान्सकरवी विचारलं, आजींची आणि त्या नोकराची ओळख होती का? तो टोकापर्यंत गेला होता म्हणतात, पण त्याच्याबद्दल कुठं काही लिहिलेलं नाही, कुठं दगड नाही, कुणाला विचारावं हेच कळत नाही.

मी डोळे पुसले. पाठीवरून पोराला सोडवलं आणि त्या तरुणाच्या हातांत दिलं. त्यानं ते भांडं धरावं तसं धरलं.

"हान्स, त्याला म्हणावं मानेखाली हात घाल," मी म्हणाले. "आणि काय विचारायचं ते यालाच विचार."

पोर त्याच्या कोटाची बटणं ओढायला लागलं. तरुण त्याच्याकडं बघतच राहिला. मी पोराच्या पायांतले बूट सारखे केले, मीच शिवलेले, अंगठ्यापाशी एक टाका जास्त घालून. मग कमरेची पाण्याची पिशवी सोडली, कारण ऊन होतं आणि त्याला मघापासून तहान लागली असणार.

"घे, दादा," मी म्हणाले. "सावकाश पी."